जाण्याचा वेळ गुणिले दोन

१

एल्स्पेथ रेनी कुठल्याही इमारतीत शिरली की आधी जमीन बघायची. माणूस पडतो तो जमिनीवर, त्यामुळे भिंतींचा विचार नंतर. आठ वर्षं ती हेच काम करत होती. हृदय अचानक बंद पडलं तर झटका देऊन ते पुन्हा चालू करणारं यंत्र कुठल्या पेटीत ठेवायचं आणि ती पेटी कुठल्या भिंतीवर लावायची, हे ती ठरवायची. शाळा, ग्रंथालयं, माशांची लिलावगृहं, पोहण्याचे तलाव, एकदा तर एक दीपगृहसुद्धा. तिच्या संस्थेच्या वहीत चारशेच्या वर इमारतींखाली तिची सही होती.

कामाची रीत सोपी होती. इमारतीतली सगळ्यात दूरची जागा शोधायची. तिथे माणूस पडलाय असं धरून जमिनीवर काहीतरी ठेवायचं. स्टॉपवॉच सुरू करून पेटीच्या जागेपर्यंत भरभर चालत जायचं. धावायचं नाही, कारण धावणारा घाबरतो आणि भलत्याच दारातून जातो. पोचलं की घड्याळ थांबवायचं आणि आलेला आकडा फॉर्मवर लिहायचा. त्यापुढे छापलेलंच असे: गुणिले दोन. तीन मिनिटांच्या आत बसलं की जागा पास.

परत येताना कोणी वेळ लावत नसे. एल्स्पेथनेही कधी लावला नव्हता. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने यायचं, त्यात मोजण्यासारखं काय आहे.

जमिनीवर ठेवायला पूर्वी तिच्याकडे पिवळं कापड होतं. दोन वर्षांपासून ती नवऱ्याचा, ॲलेकचा तपकिरी कोट ठेवायची. कोणी विचारलं तर सांगायची की कापड वाऱ्याने उडतं, कोटाला वजन असतं. ते खरंच होतं.

फेब्रुवारीत दोरघराचं काम आलं तेव्हा तिने नाही म्हणायला हवं होतं. संस्थेतला दुसरा तपासनीस बेटांवर गेला होता, तिसरीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. संस्थेतल्या पोरीने फोनवर चाचरत विचारलं, तुम्हाला चालेल का, नाहीतर एप्रिलपर्यंत थांबू. एल्स्पेथ म्हणाली, चालेल. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

२

पोर्टगार्वीच्या बंदरावर ते दोरघर उभं होतं. अरुंद, एकमजली आणि न संपणारं. जहाजांचे दोर पूर्वी तिथे वळले जायचे. आता रस्त्याकडच्या टोकाला दोरघर सांभाळणाऱ्या समितीचं कार्यालय आणि चहाची किटली होती, समुद्राकडच्या टोकाला मासेमारीची जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका-पुरुषांची बाकं. मधे नुसती लाकडी जमीन आणि दोन्ही बाजूंना उंचावर छोट्या खिडक्या. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकशेवीस मीटर. दार एकच, रस्त्याकडचं. समुद्राकडचं मोठं फाटक गलबताची शिडं आत घ्यायला होतं, ते कधीच खिळे ठोकून बंद केलं होतं.

चार वर्षांपूर्वी इथली पेटी तिनेच निवडली होती. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची. थंडीत बॅटरी गारठू नये म्हणून आत छोटा हीटर असलेली. आकड्यांचं कुलूप नको, हेही तिनेच भांडून घेतलं होतं, कारण अंधारात थरथरत्या बोटांनी आकडे दाबले जात नाहीत. पेटी रस्त्याच्या दाराशी लावली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून. जाण्याचा वेळ साठ सेकंद, गुणिले दोन. पास. खाली सही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका शुक्रवारी सकाळी, ॲलेक तिसऱ्या बाकाशी जाळं ओढता ओढता खाली बसला आणि आडवा झाला. एल्स्पेथचा नवरा तिथे सतरा वर्षं कामाला होता. शेजारच्या बाकावरच्या नॅन वॉटने त्याची छाती दाबायला सुरुवात केली. छाती दाबायला तिला एल्स्पेथनेच शिकवलं होतं. मुकादम डॉड मॅसन यंत्र आणायला पळाला.

दारावरच्या कॅमेऱ्यात तो दिसतो. एका मिनिटाच्या आत तो पेटीपाशी आला, यंत्र काढलं आणि आत वळला. तिथून बाकापर्यंत यायला त्याला साडेसहा मिनिटं लागली. छाती दाबताना नॅन मोठ्याने मोजत होती ते रुग्णवाहिकेला लावलेल्या फोनवर रेकॉर्ड झालं होतं, त्यावरून ॲलेकच्या मृत्यूच्या चौकशीत ते ठरलं. डॉड म्हणाला, मी सारखा धावत होतो. नॅन म्हणाली, शेवटी आला तेव्हा पाठमोरा चालत आला, आमच्याकडे पाठ करून. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

एल्स्पेथला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की डॉड पितो, हे गावाला माहीत आहे.

डॉडने दारू सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेही गावाला माहीत होतं. पण एकशेवीस मीटरला साडेसहा मिनिटं लागायला काहीतरी कारण हवंच होतं, आणि दुसरं कारण म्हणजे पेटीची जागा, म्हणजे तिची सही. डॉडची मुकादमी गेली. आता तो तिथेच झाडलोट करायचा आणि चहा पोचवायचा.

३

शुक्रवारी दुपारी जाळीवाले घरी जातात, म्हणून तिला दीडची वेळ दिली होती. समितीच्या चिटणीस इझबेल स्ट्रॅकन दारातच उभ्या होत्या. हातात नव्या पितळी पाटीचा कागद होता. पेटीसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावं. इझबेलबाईंचं म्हणणं असं की जागा हलवू नये, फक्त पेटी नवी घ्यावी आणि पाटी तिच्या खाली लावावी, रस्त्यावरून दिसेल अशी.

"मागच्या वेळी तूच पास केली होतीस," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या चहाचं विचारू लागल्या.

डॉड किटलीपाशी पाठ करून उभा होता. तो सगळ्या बायकांना पोरी म्हणायचा, मग ती आठ वर्षांची असो की ऐंशीची. एल्स्पेथ चोपन्न वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती त्याला अरे-तुरे करायची.

"चहा घेणार का पोरी?" त्याने न वळता विचारलं.

"नको. तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली.

इझबेलबाई बँकेत जाऊन येते म्हणून निघून गेल्या.

एल्स्पेथ समुद्राकडच्या टोकाला गेली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तिथे जात होती, त्यामुळे चालताना तिने खाली बघायचं ठरवलं होतं. फळ्यांवर डांबराचे जुने डाग होते. वाट लांब वाटली. वाटणारच, असं ती मनाशी म्हणाली. तिसऱ्या बाकाशी तिने कोट पसरला, बाह्या बाजूला नीट केल्या. स्टॉपवॉच सुरू केलं आणि दाराकडे चालू लागली.

एकोणसाठ सेकंद. चार वर्षांत गुडघे झिजले तरी चाल तीच होती, याचं तिला थोडं बरं वाटलं. पेटी उघडून तिने खऱ्याच्या जागी येताना ठेवलेलं आपलं यंत्र बाहेर काढलं. ते शिकवण्यासाठीचं रिकामं यंत्र होतं. बॅटरी नसलेलं, आत दोन चिकटपट्ट्या आणि पोकळ खोकं. मग ती कोट आणायला परत निघाली.

कोटापाशी पोचून खिशात हात घातला तेव्हा घड्याळ चालूच होतं. थांबवायला ती विसरली होती. आकडा होता दोन मिनिटं छत्तीस. पेटी उघडायला फार तर दहा सेकंद गेले असतील. म्हणजे परत यायला दीड मिनिट.

दमलीस, ती स्वतःला म्हणाली. रात्री झोप नाही, दुपारी जेवण नाही.

४

कोट तिने तिथेच राहू दिला. गाडीत धुरावलेल्या माशाचं सूप होतं, थर्मासमध्ये. ते ती गाडीतच बसून प्यायली आणि परत आली. मग अंतर मोजायचं चाक काढलं. लांब दांडीचं, जमिनीवरून ढकलत न्यायचं. दर मीटरला ते टक् करतं.

बाकापासून पेटीपर्यंत एकशेवीस टक. पेटीपासून बाकापर्यंत एकशे त्र्याण्णव.

तिने चाकाचं रबर बघितलं. ओल्या फळीवर चाक घसरतं, पण घसरलं तर आकडा कमी येतो, जास्त नाही. जमिनीला उतार असेल, म्हणून तिने थर्मासचं बूच फळीवर आडवं ठेवलं. ते जागचं हललं नाही. मग तिने वर छताकडे बघितलं. तुळया सारख्या अंतरावर होत्या. दाराकडे जाताना तिने त्या मोजल्या, चाळीस. बाकाकडे येताना पुन्हा मोजायला लागली आणि पन्नासच्या पुढे थांबली. मोजताना आपण दोनदा एकच तुळई धरली असणार.

चौकशीचे कागद तिला पाठ होते. एकशेवीस मीटर, साडेसहा मिनिटं. दोन वर्षं ती ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून डॉडचा तिरस्कार करत आली होती. ते काम सोपं नव्हतं, कारण तो माणूस वाईट नव्हता. ॲलेकची शवपेटी दोरांनी कबरीत सोडताना त्याचे हात सगळ्यात सावकाश सुटले होते. पण तिरस्कार होता म्हणून ती सकाळी उठत होती, गाडी चालवत होती, लोकांच्या भिंतींना भोकं पाडत होती.

फॉर्मवर एकच रकाना होता. जाण्याचा वेळ. त्यात एकोणसाठ लिहायचं, पुढचं छापलेलं होतं, आणि खाली सही. इझबेलबाईंची पाटी लागेल. डॉड आहे तसाच राहील. कोणी तिला काही विचारणार नाही.

तिने पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

५

डॉड दाराशी बाकड्यावर बसून बटरी खात होता. बटरी म्हणजे तिथली खारट, चपटी, लोण्याने चिकट झालेली पावासारखी वस्तू. त्याने कागदातली दुसरी तिच्याकडे सरकवली. ती बसली, पण बटरी तिने घेतली नाही.

तिने त्याला विचारलं, बाकांवर चहा नेताना किती वेळ लागतो.

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग सांगायला लागला. चहा पोचेपर्यंत गार व्हायचा, म्हणून जाळीवाले कायमच कुरकुरायचे. नॅन म्हणायची, चहा आणणारा वाटेत समुद्रावर जाऊन येतो. ॲलेकही म्हणायचा. सकाळी कामावर येताना वाट लांब आणि घरी जाताना जवळ, हा तर तिथला रोजचाच विनोद होता. कुठल्या कारखान्यात नसतो? म्हणून कोणी घड्याळ लावलं नाही.

"म्हातारे दोरवाले इकडे तोंड करून चालायचे," डॉड म्हणाला. "दोर वळायचं चाक या दाराशी असायचं. कमरेला ताग गुंडाळायचा, चाकाकडे बघत मागे मागे सरकायचं, सूत वळत जायचं. समुद्राकडे जाणं ते नेहमी पाठमोरं. माझा आजोबा चाळीस वर्षं तसा चालला. रिकाम्या हातानेसुद्धा तसाच चालायचा. आम्ही पोरं हसायचो."

"का तसा चालायचा?"

"सवय म्हणायचा." डॉडने बोटं पुसली. "तो जास्त बोलायचा नाही."

बाहेर रस्त्यावरून माशांचा ट्रक गेला. खिडक्या थरथरल्या आणि थांबल्या.

"त्या दिवशी," एल्स्पेथने सुरुवात केली.

"मी सांगितलं होतं त्या दिवशीचं," डॉड म्हणाला. आवाजात राग नव्हता. खूपदा घासलेल्या भांड्यासारखा तो आवाज होता. "सगळं सांगितलं. नॅनचं मोजणं मला ऐकू येत होतं. ती मोजतेय म्हणजे तो जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं. मी धावत होतो पोरी."

ती उठली. तिला आणखी एकदा चालून बघायचं होतं. या वेळी रीतसर. पेटीपासून, हातात यंत्र घेऊन, घड्याळ लावून. तिने डॉडला दाराशीच थांबायला सांगितलं. अडीच वाजले होते आणि खिडक्यांतून अजून चांगला उजेड येत होता.

६

पहिली तीस पावलं नेहमीसारखी होती.

समोर बाकं दिसत होती, त्यांच्यावरची हिरवी जाळी, तिसऱ्या बाकाखाली तपकिरी डाग असा कोट. ती भरभर चालत होती, धावत नव्हती. यंत्राचा पट्टा खांद्यावर होता. एका मिनिटाने तिने वर बघितलं. बाकं तेवढीच होती. जवळ आली नव्हती, दूरही गेली नव्हती. रस्त्याने जाताना लांबचा डोंगर दिसतो, तशी.

दुसऱ्या मिनिटाला तिने पावलं मोजायला सुरुवात केली. दोनशेवर सोडून दिलं.

मग तिला ऐकू आलं. आधी तिला ते आपलेच श्वास वाटले. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. बाईचा आवाज, घोगरा, दमलेला. मग दोन श्वासांपुरती शांतता. मग एक, दोन, तीन. तिने शिकवलं होतं तसंच, मोठ्याने, म्हणजे आजूबाजूच्यांना धीर येतो. नॅन दुपारीच घरी गेली होती. तिची सायकल दारापाशी नव्हती, एल्स्पेथने येताना बघितलं होतं.

ती धावायला लागली.

धावायचं नाही हे ती चारशे इमारतींत लोकांना सांगत आली होती. बूट फळ्यांवर आपटत होते, यंत्र बरगड्यांवर आदळत होतं, आणि बाकं जागच्या जागी होती. फक्त कोट आता सपाट दिसत नव्हता. त्याला उंची आली होती, मधे थोडी, आणि टोकाला. तिने डोळे मिटले, उघडले. पुन्हा तीस. पुन्हा शांतता. या वेळी शांतता जरा लांबली. मोजणं थांबलं तर काय, ते एल्स्पेथला माहीत होतं. डॉडलाही माहीत होतं. तो हेच ऐकत धावला होता. साडेसहा मिनिटं. आणि बाहेर आल्यावर त्याला विचारलं गेलं की आज किती प्यायला होतास.

एक, दोन, तीन.

छातीत कळ आली तेव्हा ती थांबली. आपण किती आलो ते बघायला तिने मागे वळून बघितलं. दार दिसत होतं, दारात डॉड, ओळखू येईल एवढा. पाचव्या मिनिटालाही तो एवढा जवळ होता. तिला नॅनची साक्ष आठवली. शेवटी आला तेव्हा पाठमोरा चालत आला.

ती परत बाकांकडे वळली नाही. दाराकडे तोंड ठेवूनच तिने एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. डॉड लहान व्हायला लागला. तुळया डोक्यावरून पुढे सरकू लागल्या, एकेक, रीतसर. पाठीमागचं मोजणं मोठं होत गेलं. आता त्यात नॅनच्या नाकातून येणारा सूं आवाजही ऐकू येत होता. जाळ्यांचा वास आला, डांबर आणि मीठ. बाकाची कड तिच्या उजव्या बाजूने पुढे आली.

तीस, आवाज म्हणाला आणि थांबला. तिने आणखी एक पाऊल मागे टाकलं आणि तिची टाच कशाला तरी लागली.

कोट नव्हता तो. कोट पायाला असा लागत नाही. ते घट्ट होतं आणि किंचित दबलं, रबरासारखं, आणि आत पाऊल असलं की बूट जसा थोडासा परत ढकलतो, तसं परत आलं. ॲलेक कामावर घोट्यापर्यंत कापलेले रबरी बूट घालायचा. घरी आला की ते दारात उभे करून ठेवायचा, एक नेहमी पडायचा.

एल्स्पेथ उभी राहिली. मागे बघितलं असतं तर दिसलं असतं. एकशेवीस मीटरवर डॉड हात खाली सोडून उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघणं धोक्याचं होतं.

तिने खांद्यावरचा पट्टा काढला, गुडघे वाकवले आणि न बघता यंत्र पाठीमागे जमिनीवर ठेवलं. तिच्या बोटांना लोकर लागली. ती गरम होती की तिचे हात गार होते, हे तिला सांगता आलं नसतं.

"मी आणलंय," ती म्हणाली. "उशीर झाला."

मग घड्याळ थांबवलं आणि ती सरळ दाराकडे चालू लागली. वाट नेहमीएवढीच होती. अर्ध्यावर आली तेव्हा पाठीमागे टक् असा बारीक आवाज झाला. यंत्राचं झाकण उघडलं की तसाच आवाज होतो. ती थांबली नाही.

७

घड्याळात सहा मिनिटं एकतीस सेकंद होते.

डॉडने तो आकडा बघितला. बराच वेळ बघितला. मग बाकड्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्या डोक्यावरचे केस या दोन वर्षांत गेले होते, हे तिला आत्ता दिसलं.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"मला अजून ऐकू येतं," डॉड म्हणाला. "चहा नेताना. म्हणून मी पाठमोरा नेतो आता. पोरं नक्कल करतात. पण चहा गरम पोचतो."

तिने फॉर्म गुडघ्यावर घेतला. जाण्याचा वेळ या रकान्यात एकोणसाठ सेकंद लिहिलं. पुढे छापलेलं 'गुणिले दोन' खोडलं. त्याखाली पट्टी न वापरता एक रेघ ओढली आणि लिहिलं: परतीचा वेळ, सहा मिनिटं एकतीस सेकंद, मोजणारी एल्स्पेथ रेनी. मग शेरा लिहायच्या जागेत, कमी जागा होती म्हणून बारीक अक्षरात: 'चार वर्षांपूर्वी या इमारतीची तपासणी मी केली होती. परतीचा वेळ मी मोजला नाही. जॉर्ज ऊर्फ डॉड मॅसन यांनी चौकशीत सांगितलेलं खरं होतं. मी त्यांच्याविषयी जे सांगितलं ते खरं नव्हतं.' सही केली. पेन दोनदा अडलं, थंडीने.

त्या सहीबरोबर तिच्या वहीतल्या चारशे सह्यांचं काय होईल, हे तिला कळत होतं. प्रत्येक इमारतीत कोणीतरी परत जाऊन परतीची वाट मोजणार. बहुतेक ठिकाणी ती तेवढीच निघेल. बहुतेक.

इझबेलबाई बँकेतून आल्या, फॉर्म वाचला आणि खुर्ची ओढून घेतली. असं कसं लिहून चालेल, हे समितीपुढे कसं ठेवू, असं त्या हळू आवाजात म्हणत राहिल्या. मग त्यांनी पाटीचं विचारलं. एल्स्पेथ म्हणाली की पेट्या दोन लागतील. एक इथे, रस्त्यासाठी, तिच्याखाली पाटी खुशाल लावा. दुसरी तिसऱ्या बाकाच्या वरच्या भिंतीवर, हात पुरेल एवढ्या उंचीवर, कुलूप नको. इथून तिथे यंत्र घेऊन जायची वेळ कोणावर येता कामा नये.

"कोट राहिला तुझा," डॉड म्हणाला.

तो उठला, दाराकडे तोंड केलं आणि मागे मागे चालू लागला. एल्स्पेथकडे बघत. सवयीचा माणूस होता, कुठे अडखळला नाही. बाकाशी पोचून त्याने न वळता एक हात मागे खाली नेला, आणि तिथे तो हात थोडा वेळ थांबला. काही शोधत असावा असा नाही. कोणी हात धरल्यावर आपण थांबतो, तसा.

मग तो कोट आणि यंत्र घेऊन सरळ चालत परत आला. यंत्राचं झाकण त्याने बंद केलेलं होतं. आतल्या दोन चिकटपट्ट्यांचे मागचे कागद सोललेले होते, हे तिने घरी गेल्यावर बघितलं.

"अरे डॉड," ती म्हणाली. दोन वर्षांनी ते तोंडातून निघालं.

"असू दे पोरी," तो म्हणाला. "बटरी घे. गार झाली तरी चांगली लागते."

तिने घेतली.

८

संस्थेने मार्चमध्ये तिला कामावरून मोकळं केलं. समितीने डॉडला मुकादमी परत दिली आणि त्याने ती घेतली नाही. त्याला झाडू बरा वाटतो, असं तो म्हणाला. समुद्राकडची पेटी तिसऱ्या बाकाच्या वर लागली. तिचा हिरवा दिवा रस्त्याच्या दारातून दिसतो, लुकलुकतो.

अशा पेटीची आठवड्यातून एकदा तपासणी करावी लागते. दिवा चालू आहे का, हीटर गरम आहे का, चिकटपट्ट्यांची मुदत संपली नाही ना. हे काम गावातलं कोणीतरी स्वखुशीने घेतं. एल्स्पेथने घेतलं. शुक्रवारी दुपारी, जाळीवाले गेल्यावर ती येते. किटलीतून दोन कप चहा ओतते, एकात दोन चमचे साखर, ॲलेक घ्यायचा तशी. मग दाराकडे तोंड करून मागे मागे चालत जाते. एक मिनिट लागतं. टाच लागली की थांबते, गुडघे वाकवून साखरेचा कप न बघता मागे ठेवते, हात वर करून पेटी गरम आहे का ते चाचपते, आणि आपला कप तिथेच उभ्याने पिते. चहा कडकडीत असतो.

मोजणं आता ऐकू येत नाही. ते बरं की वाईट, हे तिने ठरवलेलं नाही.

मग ती सरळ दाराशी येते. राहिलेला कप आणायचं काम डॉडचं. तो पाठमोरा जातो, कप घेऊन येतो आणि तिच्यासमोर विसळून ठेवतो. कप भरलेला असतो की रिकामा, हे बघण्याआधी ती कोटाची बटणं लावू लागते. डॉडही सांगत नाही. फक्त गेल्या शुक्रवारी कप विसळताना तो म्हणाला, तळाशी साखर उरते, पुढच्या वेळी थोडी कमी घाल.